लेझर मशीन घेतलंत, आता बंदुका कोरायच्या?

अमेरिकेत कप किंवा पाट्या कोरा, एटीएफ (बंदुकांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था) काही विचारणार नाही. पण गिऱ्हाइकांच्या बंदुका धंदा म्हणून कोरायला घेतल्यात, की कायद्याच्या लेखी तुम्ही गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचं काम करणारे कारागीर. आधी टाइप ०१ लायसन्स (बंदूक विक्रेते आणि गनस्मिथ यांचा केंद्रीय परवाना) काढा. तीन वर्षांचे २०० डॉलर, नूतनीकरणाला ९०. फी किरकोळच, खरी कटकट नोंदवहीची. बंदूक रात्री दुकानात राहिली, तर आवक पुढच्या कामाच्या दिवसाअखेर चढायलाच हवी, जावक सात दिवसांत. त्याच दिवशी परत दिलीत तर ही नोंद लागत नाही (लायसन्स तरीही हवंच), म्हणून सुरुवातीला तसलीच कामं घ्या. ज्याची त्याला परत देताना ४४७३ फॉर्म (बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म) नको. त्याचा भाऊ न्यायला आला, तर हवा. सिरीयल नंबरला मात्र हात लावायचा नाही, नक्षी कितीही देखणी असो. घरून काम करणार असाल तर शहराचं झोनिंग (कुठल्या भागात कुठला धंदा चालतो याचे नियम) आधी बघा, पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं.