सतरा सी हातात घेऊनच बूथ सोड

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

२०२४ च्या लोकसभेनंतर तू म्हणालीस, "काका, सगळं आधीच ठरलेलं असेल तर बूथवर बसायचं कशाला?" तुझा संताप मला कळतो. पहिल्या टप्प्याचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि अंतिम टक्केवारी आली ३० एप्रिलला, तीही मतांच्या आकड्याविना. मतदारसंघवार आकडे मिळाले २५ मे रोजी, तोवर पाच टप्पे उरकले होते. एवढ्या उशिरानंतर लोकांना शंका आली, तर दोष लोकांचा नाही.

पण तोच आकडा मतदानाच्या संध्याकाळी प्रत्येक बूथवर लिहिला गेला होता. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं, म्हणजे मतं साठवणाऱ्या ईव्हीएमच्या भागाचं, 'क्लोज' बटण दाबतो, 'टोटल' दाखवतो, तो फॉर्म १७ सी या मतांच्या हिशेबाच्या कागदावर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला, म्हणजे तुझ्यासारख्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला, सहीची प्रत देतो. द्यावीच लागते, नियमच आहे. घ्यायला एजंटच नसेल तर?

माझंच सांगतो. एका लोकसभेला मी दिवसभर बसलो आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून प्रत न घेताच निघालो. मोजणीच्या दिवशी त्या बूथचं मशीन टेबलावर आलं. वाचलेला आकडा माझ्या आठवणीशी जुळेना. पण खिशात कागद नव्हता, आक्षेप कशाच्या जोरावर घेणार? ती टोचणी अजून गेलेली नाही.

२०२४ लाच मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त ४८ मतांनी जिंकले. एका बूथवरची चूकसुद्धा केवढी मोठी ठरू शकते, बघ. निकालाला आव्हान द्यायचं तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे नुसता संशय टिकत नाही. कुठलं बूथ, किती मतं, पुरावा काय, सगळं मांडावं लागतं.

सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या) मोजायची मागणी फेटाळली. विधानसभा क्षेत्रामागे पाच बूथच्याच चिठ्ठ्या जुळवल्या जातात. मला हे अपुरं वाटतं आणि त्यासाठी भांडत राहायला हवं. पण भांडतानाही बूथ रिकामं ठेवू नकोस.

सातला मतदान असेल तर साडेपाचला पोहोच. मॉक पोलमध्ये, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणीत, किमान ५० मतं टाकतात. ती मोजून झाली की 'क्लिअर' दाबलं का, टोटल शून्य दिसतंय का, चिठ्ठ्यांची पेटी रिकामी आहे का, हे वाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मशीनचा नंबर वहीत उतरव. संध्याकाळी १७ सी वरच्या नंबराशी ताडून बघता येईल. डबा घरून ने, म्हणजे दुपारी जागा सोडावी लागणार नाही.

रविवारी घरी ये. जुन्या प्रती जपून ठेवल्यात, रकाना रकाना समजावून सांगतो.

तुझा काका