डाळ आपली, नाव दुसऱ्याचं

प्रश्न : नमस्कार आबा. जळगावच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. तूरडाळ पोत्यांत भरून दलालामार्फत बाहेरगावी जाते. मुलगी एमबीए करून आली. ती म्हणते, दरवर्षी मार्केटिंगसाठी ठरावीक रक्कम बाजूला काढा. मला वाटतं, त्यापेक्षा नवं सॉर्टेक्स, म्हणजे डागी दाणे निवडणारं मशीन घ्यावं. माल चांगला असला की गिऱ्हाईक येतंच ना?
– एक मिलमालक, जळगाव

उत्तर : भाऊ, हेच वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. धुळ्याला माझा शेंगदाणा तेलाचा घाणा होता. डबे बिननावाचे जायचे, गुजरातेतला एक व्यापारी त्यांवर स्वतःचं लेबल चिकटवायचा. एका साली शेंगा महागल्या म्हणून मी डब्यामागे वीस रुपये जास्त मागितले. तो भांडलाही नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्याचं तेल उचलू लागला. दहा वर्षं माझं तेल खाणाऱ्या घरांना काही कळलंच नाही, कारण माझं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. ते दुखणं अजून जात नाही.

सॉर्टेक्सनं डागी दाणा निघेल, डाळ देखणी होईल. पण पोत्यावर नाव नसेल, तर दलाल बाजारभावच देणार. वरचा पैसा पाकिटावर ज्याचं नाव, त्याचा.

आपल्या अमळनेरचंच बघा. १९४५ साली तिथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, आजची विप्रो. त्यांचं वनस्पती तूप 'सनफ्लॉवर' नावानं गेलं, कपड्यांचा साबण '७८७' म्हणून. दुकानात जाऊन नुसता आकडा सांगितला तरी वडी हातात पडावी, इतकं सोपं. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून सरकारी ओळख मिळाली, मला फार आनंद झाला. पण पुण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या बाईला ते कुणीतरी सांगायला हवं, तेव्हा ती दोन पैसे जास्त मोजेल.

म्हणून लेकीचं ऐका. मात्र लगेच आकाशवाणी चौकात होर्डिंग लावू नका, मार्केटिंग तिथून सुरू होत नाही. आधी खाणाऱ्याकडे जा. आपल्याकडे लग्न असो, भंडारा असो, पंगतीला वरण-बट्टी ठरलेली. शे-पाचशे पानांचं वरण शिजवणारा आचारी डाळ हातात घेताच सांगतो, ही घोटली जाईल की दाणा तसाच राहील. तो ज्या डाळीचं नाव घेतो, तीच यजमान आणतो. त्याला विचारा, तुमची डाळ शिजायला किती वेळ घेते, पाणी किती पिते, गेल्या खेपेला काय बिघडलं. मग किराणा दुकानात दोन दिवस बसा. एक किलोचं पाकीट जातं की पाच किलोचं, हे तिथंच कळेल. त्यावरून तूर कोणती घ्यायची, पाकीट केवढं करायचं, भाव काय लावायचा, हे सगळं ठरतं. असा निर्णय जाहिरात एजन्सीवर सोपवू नका, तो मालकाचाच.

रक्कम थोडी ठेवा, पण मशीनचा हप्ता भरता तशी न चुकता. मंदी आली की पहिली कात्री इथंच लागते आणि तोंडी बसलेलं नाव लोक विसरतात. हिशेब एकच ठेवा: एकदा नेलेल्यांपैकी किती जणांनी नाव सांगून पुन्हा मागितली.

लग्नसराई सुरू होण्याआधी चार आचाऱ्यांकडे पाच-पाच किलो डाळ घेऊन जा. लेकीला सोबत न्या, आणि बोलू तिला द्या.