घरी बसवण्यासाठी स्मार्ट इलेक्ट्रिक कार चार्जर कसा निवडावा?

तुमची पहिली इलेक्ट्रिक गाडी पुढच्या महिन्यात येणार आहे, घरी स्मार्ट चार्जर बसवायचा आहे, आणि ७.४ किलोवॉटचा घ्यावा की २२ किलोवॉटचा, तसेच कोणाचे ॲप अधिक चांगले, या दोन मुद्द्यांवर तुमचा निर्णय अडला आहे, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते. मी गेली सहा वर्षे घरीच गाडी चार्ज करतो आणि या काळात मला एक चार्जर काढून दुसरा बसवावा लागला. त्या अनुभवातून बनलेले माझे मत आधीच सांगतो. घरातले इंटरनेट बंद पडले किंवा चार्जर बनवणारी कंपनी उद्या सेवा द्यायची थांबली, तरी जो आपले काम चोख करत राहील तोच चार्जर घ्यावा. आणि त्याची निवड गाडी व घराची वायरिंग नीट तपासून झाल्यावरच करावी.

भिंतीवर बसणाऱ्या पेटीला आपण चार्जर म्हणतो खरे, पण बॅटरी भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. घरात येणारा पुरवठा एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) असतो, बॅटरीला डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) लागतो आणि हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक समजूतदार आणि सुरक्षित स्विच आहे. गाडी व्यवस्थित जोडली गेली आहे का, हे ती तपासते, किती अँपिअरपर्यंत प्रवाह ओढता येईल हे गाडीला कळवते आणि मगच आतला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, जोडते. हे कळवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. केबलमधल्या एका बारीक तारेतून सेकंदाला १००० वेळा वरखाली होणारा संकेत जात असतो आणि त्यातला ‘वरचा’ भाग किती टक्के आहे, यावरून गाडीला मर्यादा कळते. तो भाग सुमारे २७ टक्के असेल तर १६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के असेल तर ३२ अँपिअर. या संकेतात ६ अँपिअरच्या खालची मर्यादा सांगण्याची सोय नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, सौरऊर्जेच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

यावरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ मिळते. तुमच्या गाडीचा ऑनबोर्ड चार्जर ७.२ किलोवॉटचा असेल तर भिंतीवर २२ किलोवॉटची पेटी लावूनही गाडी ७.२ किलोवॉटच घेईल. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर १६ अँपिअर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट आणि ३२ अँपिअर म्हणजे ७.४ किलोवॉट, ११ आणि २२ किलोवॉटचे आकडे थ्री-फेज पुरवठ्यावरचे आहेत, तेही गाडी तिन्ही फेज वापरू शकत असेल तरच. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत ‘एसी चार्जिंगची कमाल क्षमता’ हा आकडा शोधा. जलद डीसी चार्जिंगचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण घरच्या चार्जरशी त्याचा काही संबंध नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, तुम्हाला रोज किती वीज लागणार आहे? मध्यम आकाराच्या गाडीला १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट लागतात असे धरले, तर रोजच्या ४० किलोमीटरना ६ युनिट आणि रूपांतरातली घट धरून फार तर ७ युनिट लागतील. म्हणजे ३.७ किलोवॉटच्या चार्जरवर दोन तासांचे काम, आणि ७.४ वर एका तासाचे. गाडी रात्रभर उभीच असते. पुष्कळ जण बॅटरी रोज शून्यापासून शंभरपर्यंत भरायची आहे असे मनात धरून हिशेब करतात आणि त्यासाठी मोठा चार्जर, जाड केबल आणि वाढीव मंजूर भार (वीज कंपनीने घराला दिलेली विजेची कमाल मर्यादा) यांच्या मागे लागतात. तुमचे रोजचे अंतर खरोखरच मोठे असेल, किंवा एकाच चार्जरवर दोन गाड्या आलटून पालटून लावायच्या असतील, तर ७.४ किलोवॉट घ्यावा. बाकी बहुतेक घरांना ३.७ किलोवॉटही पुरतो, आणि ७.४ चा घेऊन तो रोज १६ अँपिअरवर चालवणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण गरज पडली तर वाढवायची सोय राहते आणि रोजचा ताण कमी राहतो.

आता वायरिंग. या भागाबद्दल मी थोडे जास्त लिहिणार आहे, कारण धोका इथेच आहे. घरातली इतर उपकरणे मोठा प्रवाह थोडा वेळ घेतात. गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. गाडी मात्र पूर्ण प्रवाह सहा-सहा, आठ-आठ तास सलग घेते. पहिले चार महिने मी गाडी साध्या तीन पिनांच्या १६ अँपिअरच्या प्लगवर चार्ज करत होतो. एका सकाळी प्लग उपसताना तो हाताला चटका बसेल इतका गरम लागला. उलटा करून पाहिला तर एका पिनेभोवतीचे पांढरे प्लॅस्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते आणि सॉकेटच्या आतली पितळी पकड सैल झाली होती. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पडणारा स्विच) पडला नव्हता आणि पडणारही नव्हता, कारण प्रवाह मर्यादेतच होता. उष्णता सैल सांध्यात तयार होत होती.

याचे गणित सोपे आहे. प्रवाह दुप्पट झाला की त्याच सांध्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. एखाद्या स्क्रूखाली केवळ ०.०२ ओहमचा अवरोध राहिला, तर ३२ अँपिअरला तिथे सुमारे २० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे बंद पेटीत एक लहान सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू ठेवल्यासारखे. म्हणून चार्जरसाठी मुख्य वितरण पेटीपासून स्वतंत्र केबल ओढा आणि त्या केबलवर दुसरे काहीही जोडू देऊ नका. ३२ अँपिअरसाठी कमी अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल सर्वसाधारणपणे वापरतात. अंतर लांब असेल किंवा केबल उष्ण जागेतून, इतर केबलींच्या जुडग्यातून जात असेल, तर १० चौरस मिलिमीटरची घ्यावी लागते. नेमका आकार इलेक्ट्रिशियनने मोजमाप करून ठरवावा आणि कागदावर लिहून द्यावा. अर्थिंग ‘आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, ते मीटर लावून मोजायला सांगा.

संरक्षणाबाबत एक बारकावा दुकानदार क्वचितच सांगतात. गाडीतल्या रूपांतरकात बिघाड झाला तर डीसी गळती होऊ शकते आणि अशा गळतीने साधा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) जणू आंधळा होतो. मग माणसाला धक्का बसण्याची वेळ आली तरी तो पडेलच याची खात्री राहत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक तर ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखून पुरवठा तोडणारी यंत्रणा चार्जरमध्येच असावी आणि तिच्यामागे ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी असावा, नाहीतर बाहेर बी प्रकारचा, अधिक महाग आरसीसीबी बसवावा. चार्जरच्या तांत्रिक पत्रकात ‘६ मिलिअँपिअर डीसी’ हा उल्लेख सापडला नाही, तर मी तो चार्जर यादीतून काढून टाकतो, त्याचे ॲप कितीही देखणे असो.

एवढे झाल्यावर ‘स्मार्ट’ या शब्दाकडे येऊ. माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी स्मार्ट सोय म्हणजे भार-संतुलन. मुख्य केबलभोवती एक लहान कड्यासारखा सेन्सर बसवतात. घरात एकूण किती प्रवाह जात आहे हे तो मोजत राहतो आणि त्याप्रमाणे चार्जर गाडीचा वाटा कमीजास्त करतो. समजा घराला ४० अँपिअरची मर्यादा आहे आणि संध्याकाळी एसी, गीझर, इस्त्री मिळून २५ अँपिअर जात आहेत; अशा वेळी चार्जर १५ अँपिअरच्या खाली राहतो आणि घर झोपले की पुन्हा वर चढतो. ही सोय असेल तर मंजूर भार वाढवून घेण्याचा खर्च बऱ्याचदा टळतो. मात्र विक्रेत्याला एक प्रश्न अवश्य विचारा: हा निर्णय पेटी स्वतः घेते की कंपनीच्या सर्व्हरला विचारून घेते? सेन्सर तारेने थेट पेटीला जोडलेला असेल आणि निर्णय पेटीतच होत असेल, तर निश्चिंत राहावे.

हा आग्रह मी धरतो त्याचे कारण माझा पहिला चार्जर. त्याचे ॲप सुरेख होते, आलेख होते, महिन्याचा हिशेब होता. पण रात्री ११ वाजता चार्जिंग सुरू करण्याची आज्ञा पेटीत साठवलेली नव्हती; ती दर रात्री सर्व्हरवरून येत असे. एका रात्री राउटर अडकला. पहाटे साडेपाचला लांबच्या प्रवासासाठी खाली उतरलो तेव्हा केबल जोडलेली होती, पेटीवरचा निळा दिवा लुकलुकत होता आणि गाडीच्या पडद्यावर २३ टक्के दिसत होते. आदल्या संध्याकाळीही २३ टक्केच होते. पुढे वर्षभरात त्या कंपनीने सेवाच बंद केली, आणि प्रवाहाची मर्यादा बदलण्याचा दुसरा मार्ग नसल्यामुळे, आतले सर्व भाग शाबूत असूनही, मला ती पेटी काढावी लागली. चांगली वस्तू अशी वाया जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटले होते.

म्हणून दुकानात तीन गोष्टी मी स्पष्ट विचारतो. वेळापत्रक पेटीत साठते का? इंटरनेटशिवाय, ब्लूटूथवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून, सेटिंग बदलता येतात का? आणि ओसीपीपी या, चार्जर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या, खुल्या प्रणालीने चार्जर जोडता येतो का, तेही वापरणाऱ्याला स्वतः सर्व्हरचा पत्ता बदलून? ओसीपीपीची १.६ ही आवृत्ती २०१५ पासून मोठ्या प्रमाणावर वापरात आहे, २.०.१ ही त्यानंतरची, घरासाठी १.६ पुरेशी आहे. मूळ कंपनी उद्या नाहीशी झाली तरी ओसीपीपीमुळे पेटी दुसऱ्या सेवेला किंवा घरातल्या संगणकावरच्या प्रणालीला जोडता येते. ब्रिटनने स्मार्ट चार्जरसाठी २०२१ मध्ये नियम केले, त्यांतही नेटवर्क तुटले तरी चार्जरने गाडी चार्ज करता आली पाहिजे आणि वीजपुरवठादार बदलला म्हणून त्याच्या स्मार्ट सोयी बंद पडता कामा नयेत, असे बंधन घातलेले आहे. हे नियम तुम्हाला लागू असोत वा नसोत, कसोटी म्हणून ते चांगले आहेत.

रात्रीचा दर स्वस्त असेल तर वेळापत्रकाचा फायदा थेट बिलात दिसतो. फक्त वेळ एकाच ठिकाणी लावा, गाडीत किंवा चार्जरमध्ये. दोन्हीकडे लावली आणि दोन्हींच्या वेळा जुळल्या नाहीत, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत राहतात. ‘चार्जर बिघडला’ अशा तक्रारींमध्ये हे कारण मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय काही गाड्या बराच वेळ प्रवाह मिळाला नाही की झोपी जातात आणि नंतर चार्जरने बोलावले तरी जाग्या होत नाहीत. तुमच्या गाडीत असे होत असेल तर वेळ गाडीतच लावावी.

छतावर सौर पॅनल असतील तर उरलेली वीज गाडीत घालणारा चार्जर मिळतो आणि तो छान चालतो, पण वर सांगितलेली ६ अँपिअरची किमान मर्यादा इथे आडवी येते. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॉट, उरलेली वीज त्यापेक्षा कमी असेल तर चार्जरने एकतर थांबायचे किंवा तूट ग्रिडमधून भरून काढायची. थ्री-फेजवर हीच किमान मर्यादा सुमारे ४.१ किलोवॉट होते, म्हणून लहान सौर संच असलेल्या घरात थ्री-फेज चार्जर ढगाळ दिवशी बहुतेक वेळ नुसता थांबून राहतो. अशा घरांनी सिंगल फेज घ्यावा, किंवा गरजेप्रमाणे एका आणि तीन फेजमध्ये स्वतः बदल करणारा चार्जर शोधावा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. केबल पेटीलाच जोडलेली असावी असे मला वाटते, कारण डिकीतून रोज केबल काढण्याचा कंटाळा लवकर येतो. मात्र गाडीचे चार्जिंगचे तोंड कोणत्या बाजूला येणार हे पाहून लांबी दोरीने मोजा. चार्ज होताना केबलचे वेटोळे ठेवू नका, ती आतून तापते. उघड्यावर बसवणार असाल तर किमान आयपी ५४ दर्जाची (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे सोसणारी) पेटी घ्या आणि शक्यतो दुपारचे ऊन टाळा. जागा सार्वजनिक असेल तर कार्डाने किंवा पिनने कुलूप लागणारी पेटी हवी. वाय-फाय बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते, तेव्हा पेटी ज्या भिंतीवर बसणार तिथे उभे राहून फोनवर सिग्नल तपासा. तळघरात तो पोहोचत नसेल तर केबल ओढताना शेजारून एक नेटवर्कची तारही टाकून घ्या.

चार्जर बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला लगेच निरोप देऊ नका. पूर्ण प्रवाहावर तासभर गाडी चार्ज करा, मग वितरण पेटीचे झाकण, केबलचे दोन्ही टोकांचे भाग आणि गाडीत घातलेला कनेक्टर यांवर हात ठेवून पाहा. कोमट लागणे ठीक आहे, हात ठेववत नसेल तर चार्जिंग थांबवून सांधे पुन्हा आवळून घ्या. महिन्याभराने ते एकदा परत आवळून घ्यावेत, कारण तापण्या-निवण्याने स्क्रू थोडे सैल पडतात. आणि चार्जर बसवला त्याच रात्री वेळापत्रक लावून राउटर मुद्दाम बंद करून झोपा. सकाळी गाडी भरलेली नसेल, तर वस्तू परत करण्याची मुदत संपण्याआधी तुम्हाला ते कळलेले असेल.