घरीच इलेक्ट्रिक स्केटबोर्ड बनवायचा आहे. गोव्यातल्या चढउतारांना कुठली मोटर पुरेल, आणि खर्च किती येईल?

मोटर ६३७४ आकाराची (६३ मिमी जाड, ७४ मिमी लांब), १९० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १९० फेरे) ब्रशलेस घ्या. ४० सेलची बॅटरी, म्हणजे ३६ व्होल्ट, आणि दातेरी पट्ट्यासाठी मोटरच्या पुलीला १६ दात, चाकाच्या पुलीला ३६ दात. चढाची काळजी नको. पण उतारांना मोटर पुरेल का, हा प्रश्नच चुकीचा. उतारावर घात करते ती बॅटरी.

माझं घर फर्मागुढीच्या पठारावर. बोर्ड तयार झाला त्या रात्री मी झोपायला गेलो आणि भावोजींनी 'पोराचं काम व्हावं' म्हणून चार्जर रात्रभर लावून ठेवला. बॅटरी ठासून ४२ व्होल्टवर. सकाळी फोंड्याच्या बाजूने खाली निघालो. रिमोटचा ब्रेक ओढला, बोर्ड जरा थबकला, आणि मग ब्रेकच नाही! चाकं मोकळी. शेवटी चिऱ्यांच्या गडग्याशेजारच्या रानात उडी घेतली. कोपराचं साल गेलं, ती लाल माती धुताना ब्रह्मांड आठवलं.

या बोर्डाचा ब्रेक म्हणजे मोटरच उलटी जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत ढकलते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारं सर्किट, दार लावून घेतं. वीज जाणार कुठे? मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवरचा व्होल्टेज चढतो, तो स्वतःला वाचवायला हात वर करतो. बोर्ड बंद न करता तसाच लॅपटॉपला जोडला तेव्हा फॉल्ट स्वच्छ दिसला: ओव्हर व्होल्टेज.

भावोजींना हे आजही मान्य नाही. दर चवथीला गणपतीपुढची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता पाहुण्यांना सांगतात, "ह्याचा पट्टा घसरला. घरगुती काम ते घरगुती." तो पट्टा मी खिळ्याला टांगून ठेवलाय. ५३ च्या ५३ दात शाबूत आहेत. घसरलेल्या पट्ट्याचे दात असे राहतात? कुणीही येऊन मोजावेत.

तेव्हा घर चढावर असेल तर चार्जिंग ८५-९० टक्क्यांवर तोडा, आणि चार्जर स्वतःच्या खोलीत ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर माझे पस्तीस हजार गेले, त्यातले निम्म्याहून जास्त बॅटरीत. तिथे काटकसर करू नका. सेलना थेट सोल्डरिंगचा कावीया लावू नका, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडून घ्या. भावोजी इलेक्ट्रिशियन आहेत, ते कावीयानेच जोडा म्हणत होते.

हेल्मेट घाला, पावसात बाहेर काढू नका. आणि हो, आधी सांगायला हवं होतं: नोंदणीतून सूट २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला आहे. वर सांगितलेली मोटर त्यात कुठेच बसत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नका. मी नेला होता, ते सोडा.