सिंगल रायडरची रांग: पहिल्यांदा जाताना

बडोद्याच्या दांडिया बाजारातून थेट युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर या थीम पार्कला निघालास? मस्त! सिंगल रायडरची, म्हणजे राइडमध्ये एकेकटं बसायला तयार असलेल्यांची वेगळी रांग जरूर वापर, पण ती जादू नाही. चारच्या ओळीत तिघांचं कुटुंब बसलं की एक सीट रिकामी जाते, तिथे तुला बसवतात. राइडच्या गाड्या तेवढ्याच सुटतात, फक्त भरून सुटतात. सेव-उसळीच्या दुकानात अनोळखी माणसांच्या टेबलावर कोपरा मिळतो ना, तसंच.

नवखे इथे चुकतात:
- आत जाऊन 'आम्हाला शेजारी बसवा' म्हणतात. मिळत नाही.
- रांग छोटी दिसली की घुसतात. सीट दोन-दोनच्या आणि नेहमीच्या रांगेत सगळ्या जोड्याच असल्या, तर ती हलतच नाही. आधी ओळीतल्या सीट मोज.

एकटं बसू न शकणारं पोर बरोबर असेल तर नेहमीचीच रांग. आणि पहिली फेरीही तिथूनच मार. बरीचशी सजावट त्याच वाटेवर असते. मी घाईत ती हुकवली होती.