मावशीला विचारा : बिनशेपटीच्या मांजरींच्या भानगडी

गेल्या अंकात मँक्स मांजरीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं यायची थांबेनात. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मँक्स म्हणजे आयल ऑफ मॅनची बिनशेपटीची मांजर. हे बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधे आयरिश समुद्रात आहे, युकेमधे मोडत नाही, त्यांची पार्लमेंट वेगळी, नाणी वेगळी, आणि १९७० च्या त्यांच्या क्राउन नाण्यावर चक्क ही बया आहे. पत्रं निवडून घेतलीयत. बरीचशी मजेची आहेत, एक नाहीये.

मावशी, आम्ही बेटावरच, डग्लसला राहतो. मी हॉस्पिटलमधे नर्स, नवरा घरून काम करतो, मुलं सात आणि अकरा वर्षांची. ओळखीच्या एका आजींच्या फार्मवर मँक्सची पिल्लं झालीयत. आजी म्हणतात ही मांजर नाहीच, कुत्रा आहे. मला कायम कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला मांजर. आमचं दोघांचं भागेल का हिच्यात?

भागेल गं, फक्त ती तुझी होईल याची गॅरंटी मी देणार नाही. आजी वाढवून सांगत नाहीयेत, मँक्स पाळणारे बहुतेक लोक हेच सांगतात. ही मांजर माणसाच्या मागे मागे फिरते, म्हणजे तू किचनमधे तर ती किचनमधे, तू बाथरूमला गेलीस तर दाराबाहेर बसून राहणार, आणि दार उघडायला वेळ लागला तर पंजा खालून आत. कागदाचा बोळा फेकला तर बऱ्याच मँक्स तो तोंडात धरून परत आणून देतात, आणि तू कंटाळलीस तरी त्या कंटाळत नाहीत. केसांचे रबर, बाटल्यांची झाकणं, मोजे असलं काहीबाही उचलून सोफ्याखाली साठा करायचीही सवय असते, तेव्हा रबर आणि दोरे वर ठेवायचे, पोटात गेले की ऑपरेशनपर्यंत प्रकरण जातं.

पण एक आहे. मँक्स घरात सगळ्यांशी चांगली वागते, मुलांशी तर छानच, तरी जीव लावते तो एकाला, फार तर दोघांना. आणि तुमच्याकडे दिवसभर घरी कोण असतं? नवरा. तू नाइट शिफ्ट करून येणार आणि ती त्याच्या लॅपटॉपवर बसलेली असणार. तुला तिने आपलंसं करायला हवं असेल तर पहिले काही आठवडे खायला घालणं आणि संध्याकाळचा खेळ तू तुझ्याकडे घे, मुलांकडेही देऊ नकोस.

उडीचं बोलायचं तर मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब आणि दणकट असतात, त्यामुळे फ्रिजवरून कपाटावर जाणं तिला काहीच नाही. शेपूट नाही म्हणून तोल जात असेल असं लोकांना वाटतं, तसं काही नसतं, तोल सांभाळायचं मेन काम कानाच्या आतला भाग करतो. दाराची खाली दाबायची हँडल उघडायला बऱ्याच जणी शिकतात. नळाचं वाहतं पाणी बघत तासभर बसतात, पंजा घालतात, आंघोळ घाला म्हटलं की मात्र ओळख नाही दाखवत. आवाज फार नाही, हळू गुरगुर-किर्र असा काहीतरी काढते, पिल्लांशी आई बोलते तसा. आणि पूर्ण मोठी व्हायला चार-पाच वर्षंसुद्धा लागतात, तेव्हा दोन वर्षांची झाली तरी ही अजून अशीच कशी असं विचारणारं पत्र पाठवू नकोस. शेतावर उंदीर मारायला ठेवायची जात आहे ही, फार्मवरचं पिल्लू म्हणजे शिकार रक्तातच असणार, दारात भेटवस्तू मिळतील, ओरडू नकोस तिला.

घ्यायचंच ठरलं तर पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत आजींकडेच राहू दे. का ते तिसऱ्या पत्रात वाच. ते न वाचता आणू नकोस प्लीज.

मावशी, लीड्सहून लिहितेय. आमचा बोका रंपी आहे म्हणजे शेपटीचा ठिपकाही नाही, तीन वर्षांचा. दारात कुणी आलं की गुरगुरतो, चक्क कुत्र्यासारखा, आणि मग माझ्या पायाशी उभा राहतो. दिवाळीनंतर सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना मांजरं आवडत नाहीत. काय करू?

सासूबाईंचं मी काही करू शकत नाही, बोक्याचं सांगते.

गुरगुरणं या जातीत नवीन नाही. बेलचा आवाज, अनोळखी चप्पल, सगळ्याची दखल घेतली जाते. हा हल्ला नसतो, ‘कोण आलंय’ एवढंच असतं, पण पाहुणा घाबरून हातवारे करायला लागला की ते वाढतं. म्हणून पहिल्या दिवशी त्यांची भेट घालूनच देऊ नकोस. बोका एका खोलीत, त्याचं खाणं, लिटर ट्रे सगळं आत. सासूबाईंची एखादी वापरलेली शाल किंवा ओढणी त्याच्या खोलीत टाक, दोनतीन दिवस वास घेऊ दे. मग दार उघड आणि त्याचं तो येऊ दे. त्यांना सांग की त्याच्याकडे बघू नका, हात पुढे करू नका, टीव्ही बघत बसा. मांजर न आवडणाऱ्या माणसाकडेच मांजर जाते हे तुला माहितीये, त्याचं कारण हेच, ती माणसं टक लावून बघत नाहीत.

अजून एक गोष्ट त्यांना समजावून सांग कारण याने घोळ होतो. बाकीच्या मांजरी खूश असल्या की शेपूट उभी करून येतात, चिडल्या की आपटतात. याच्याकडे ती सोयच नाही. त्याचा मूड कानांवर आणि पाठीवर वाचायचा. कान बाजूला पडून सपाट झाले, पाठीची कातडी थरथरली, अंग आखडलं, की हात मागे. कान पुढे आणि डोळे अर्धे मिटलेले, तर सगळं ठीक आहे. आणि कुणालाच, मुलांना तर अजिबात, त्याचा मागचा गोल भाग थोपटू किंवा दाबू देऊ नकोस, काही मँक्सना तिथे हात लागलेला सहन होत नाही. उचलायचं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली.

सहा महिन्यांनी सासूबाई निघताना बोका बॅगेत बसलेला सापडला तर मला कळव.

मावशी, बेटावरूनच लिहितोय, नाव नको. पिल्लू अडीच महिन्यांचं असताना आणलं, आता साडेतीन महिन्यांचं आहे. मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखं उड्या मारत चालतं, आम्हाला गोड वाटायचं. आता जिथे झोपतं तिथे ओलं असतं, शी पण कधी कधी अंथरुणात. बायको म्हणते ट्रेनिंग कमी पडलं.

ट्रेनिंगचा काही संबंध नाही. उद्याच्या उद्या व्हेटकडे जा, आणि जाताना ‘मँक्स सिंड्रोम आहे का बघा’ असं स्पष्ट सांगा.

सगळ्यांसाठीच सांगते, कारण शेपूट नाही म्हणजे नुसती शेपूट नाही असं नसतं. शेपूट म्हणजे पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक. ज्या जीनमुळे ती येत नाही, आणि तो नेमका कोणता हे २०१३ मधे शोधलं गेलं, तो जीन कणा कुठे थांबायचा यातच हात घालतो. कधी नेमक्या जागी थांबतो आणि मांजर ठणठणीत निघते, कधी जास्त वर थांबतो आणि मग खालचे मणके, मज्जारज्जू, तिथून मूत्राशयाला आणि मागच्या पायांना जाणाऱ्या नसा, सगळं अर्धवट राहतं. शू-शीवर ताबा न राहणं, सतत बद्धकोष्ठ, मागचे पाय लुळे किंवा तळवे टेकवून चालणं, ही मँक्स सिंड्रोमची लक्षणं. बहुतेक वेळा पहिल्या चार-सहा महिन्यांत दिसतात, म्हणूनच चांगले ब्रीडर पिल्लू चार महिन्यांआधी देत नाहीत.

या जीनची एकच कॉपी मँक्समधे असते. आई आणि बाप दोघांकडून आली तर ते पिल्लू पोटातच जातं, जन्माला येतच नाही. म्हणजे दोन मँक्सची जोडी लावली तर गर्भ राहतात त्यातला साधारण चौथा हिस्सा असाच संपतो, पिल्लं कमी होतात. जन्मलेल्यांत काही शेपटीवाली असतात, ती अगदी नॉर्मल, आणि शहाणे ब्रीडर अशा शेपटीवाल्या मांजरींशी जोडी लावतात. ज्यांना नुसत्या रंपी विकायच्यात त्यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचं पिल्लू. मँक्स थोडं टुणटुणत चालतेच, पाय लांब असतात त्यामुळे, तेवढं चालतं. पण तिला मागचे पाय एकामागून एक टाकताच येत नसतील, कायम जोडीनेच उचलत असेल, आणि वर हे ओलं, तर मला ते ठीक वाटत नाही. व्हेट पायांच्या संवेदना बघतील, एक्स-रे काढतील, लागलं तर एमआरआय. नसांचं नुकसान भरून येत नाही, हे आधीच ऐकून ठेवा. सौम्य असेल तर बरीच वर्षं काढता येतात, दिवसातून काही वेळा मूत्राशय हाताने रिकामं करायला व्हेट शिकवतात, खाण्यात बदल, शी मऊ राहायचं औषध, युरीन इन्फेक्शनवर लक्ष, मागचा भाग रोज पुसणं, केस कापलेले. हे रोजचं काम आहे, वर्षानुवर्षं. जमणार नसेल तर तसं व्हेटशी मोकळेपणी बोला, त्यात लाज नाही. दुखत असेल आणि उपाय नसेल तर पुढचा निर्णय काय असतो तो ते सांगतील, मी पत्रातून सांगणार नाही. आणि बायकोला सांगा तिचं काही चुकलेलं नाही.

मावशी, मी आठ वर्षांची आहे. आमच्या क्लासमधली मुलगी म्हणते मँक्स म्हणजे मांजर आणि ससा यांचं बाळ. खरं का?

नाही गं बाळा. मांजर आणि सशाला बाळ होऊच शकत नाही. मागून गोल दिसते आणि उड्या मारते म्हणून कुणीतरी उठवलेली थाप आहे. मैत्रिणीला याहून भारी गोष्ट सांग, की नोहाच्या बोटीत सगळे प्राणी चढले आणि ही मांजर शिकारीच्या नादात सगळ्यात शेवटी आली, तोवर नोहाने दार लावलं आणि शेपूट अडकली. तीही थापच, पण छान आहे. मोठी माणसं तिसरी थाप मारतात, १५८८ मधे स्पेनचं आरमार फुटलं आणि बिनशेपटीच्या मांजरी पोहत बेटावर आल्या. बेट लहान, मांजरी थोड्या, त्यातल्या एकीत हा बदल झाला आणि आपसातच पिल्लं होत होत पसरला, खरं कारण एवढंच.

मावशी, आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एक बांडी भाटी आहे, शेपूट जेमतेम दोन इंच. सेक्रेटरी म्हणतात मँक्स आहे, भाव येईल. खरं आहे का?

सेक्रेटरींना मेंटेनन्सकडे लक्ष द्यायला सांगा. रस्त्यावरच्या मांजरीची शेपूट गाडीखाली, दारात, भांडणात जाते. जन्मतःच आखूड किंवा वाकडी शेपूट असलेल्या मांजरीही आशियात बऱ्याच आहेत, त्यातल्या जपानी बॉबटेलचा जीन तर मँक्सपेक्षा वेगळाच निघालाय. भाटीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, रेबीजची लस द्या, आणि मँक्स म्हणून ऑनलाइन कुणी पिल्लू विकत असेल तर आईबापांचे कागद आणि व्हेटचा रिपोर्ट मागा. बहुतेक तिथेच फोन बंद होईल.

मावशी, आम्ही सहा वर्षांनी बेट सोडून नागपूरला परत येतोय. मँक्स पाच वर्षांची आहे. आणावी का, की इथेच कुणाला द्यावी?

आणा. मगाशी म्हटलं तसं ही एका माणसाला धरून राहणारी जात आहे, पाच वर्षांची मँक्स दुसऱ्याला दिली तर ती तिथे रुळेल पण वेळ घेईल, तुम्ही बरोबर असाल तर घर बदललेलं ती जास्त लवकर सहन करते. परदेशातला मुक्काम संपवून कायमचे परतणाऱ्यांना पाळीव प्राणी बरोबर आणता येतात, त्यासाठी भारताच्या अॅनिमल क्वारंटाइन खात्याची एनओसी, रेबीजच्या लसीची नोंद आणि तिकडच्या व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट लागतं, निघायच्या दोनतीन महिने आधी सुरुवात करा, नियम तेव्हाचे बघून घ्या.

माझी काळजी वेगळी आहे. तिच्या बेटावर उन्हाळ्यात पंचवीस डिग्रीच्या वर क्वचित जातं, आणि मँक्सचा कोट डबल असतो, आत दाट लव आणि वर राठ केस. तुम्ही तिला मे महिन्यात नागपूरच्या पंचेचाळीसमधे उतरवणार असाल तर तारीख बदला. नोव्हेंबर-डिसेंबरमधे आणा, म्हणजे तिला उन्हाळ्याआधी तीन महिने मिळतील आणि जास्तीचे केस फेब्रुवारी-मार्चमधे गळून जातील. रोज ब्रश करा तेव्हा, नाहीतर ते पोटात जाऊन गोळे होतात आणि या जातीला बद्धकोष्ठ परवडत नाही. कूलरची खोली चालेल पण दमट दिवसांत कूलर कामाचा नाही, तेव्हा एसी. पाण्याची भांडी दोनतीन ठिकाणी, आणि वाहतं पाणी आवडत असेल तर छोटं फाउंटन आणा, जास्त पाणी पितात. गॅलरीला जाळी आधी, मांजर नंतर, कारण उड्या कुठवर जातात ते तुम्ही पाच वर्षं बघितलंच आहे.