पोरं मसुद्यात कशी सापडली?

विचारणा अशी: ‘व्हिएतनाम युद्धावरच्या एका मराठी लेखात “मसुद्यात आलेल्या तरुणांना शाखा कशी मिळे” असं वाचलं. हा मसुदा कुठला? आणि शाखा म्हणावं की दल?’

मसुदा कुठलाच नाही हो! इंग्रजीत ‘ड्राफ्ट’ दिसला की डोळे मिटून ‘मसुदा’ ठोकायचा, ही खोड हल्ली फार बोकाळली आहे. मसुदा मूळचा अरबी, अर्थ ‘काळा केलेला’. खाडाखोड करून काळा केलेला कागद म्हणजे मसुदा. त्या पोरांना काळं फासायचं नव्हतं, पलटणीत ओढायचं होतं.

‘ड्राफ्ट’ हा ‘ड्रॉ’चा सख्खा भाऊ, अर्थ ओढणं. आता गंमत बघा. इंग्रज जिथे ‘ड्रॉ’ म्हणतो, तिथे आपण बहुतेक वेळा ‘काढणे’ म्हणतो. विहिरीचं पाणी काढतो, चित्र काढतो, तलवार काढतो, बँकेतून पैसे काढतो, भिशीची चिठ्ठी काढतो. आणि प्राकृतातल्या ‘कड्ढइ’चा अर्थ काय? ओढतो! हा शब्द संस्कृत ‘कृष्ट’वरून आला असं पंडित सांगतात, ते मला बिलकुल पटत नाही. दृष्टीची दिट्ठी झाली, दीठ झाली. त्याच चालीने कृष्टचं ‘कट्ठ’ व्हायला हवं, ‘कड्ढ’ कसं झालं? प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत बाप चिकटवायचा सोस, दुसरं काय. माझ्या मते शब्द अस्सल देशी आहे.

आणि अमेरिकेत खरोखरच चिठ्ठ्या काढल्या होत्या. १ डिसेंबर १९६९ला वॉशिंग्टनमध्ये, काचेच्या बरणीत ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. त्या तारखेला जन्मलेल्यांचा नंबर पहिला. म्हणून मी ‘चिठ्ठीतला शिपाई’ म्हणेन. भारदस्त हवं असेल तर ‘सक्तीची भरती’ आहेच.

हां, शाखेचं राहिलंच. चिठ्ठीने ठरायची ती फक्त पाळी. चिठ्ठीतले बहुतेक जण भूदलातच जात, थोडे ‘मरीन’ या सागरी पलटणीत. नौदल आणि हवाईदलाला स्वखुशीचे उमेदवार मिळत. भूदलाची चिठ्ठी चुकवायला कित्येक पोरं आधीच तिकडे नाव घालत. दुसऱ्या महायुद्धात मात्र डिसेंबर १९४२च्या हुकुमानंतर नौदलालाही सक्तीच्याच भरतीतून माणसं घ्यावी लागली. ब्रिटनची तऱ्हा न्यारी. तिथे डिसेंबर १९४३पासून नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा सोडतीत निघाला, की पोरगा पलटणीऐवजी थेट कोळशाच्या खाणीत! (तिथे मात्र काळं फासलं जाई, म्हणजे मसुदा म्हणायला हरकत नाही.)

तेव्हा म्हणायचं दलच. ‘दल्’ म्हणजे फुटणं, तुकडा पडणं. पायदळातलं दळ तेच, आणि डाळही त्याच घरातली. शाखा बँकेच्या असू द्यात.